व्होकल जॅझचा वर्ग आणि पाठीराख्यांचा खिसा

वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने सप्टेंबर २०२३ मध्ये २८ अभ्यासक्रम आणि अध्यापकांच्या १४३ जागा कमी करायचं ठरवलं. पुढच्याच जूनमध्ये फिलाडेल्फियातलं युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्स आठवड्याभराच्या सूचनेवर कायमचं बंद झालं. अशी बातमी आली की अमेरिकेतल्या संगीत विभागांत तोच वाद नव्याने पेटतो: ज्या वृंदात जेमतेम डझनभर विद्यार्थी गातात आणि ज्याच्या कार्यक्रमाला गायकांचे आईवडील आणि मित्रच निम्म्या खुर्च्या भरतात, तो विद्यापीठाने का पोसावा? व्होकल जॅझचा ग्रुप, म्हणजे जॅझ गाणारा छोटा गायकवृंद, हे या वादातलं लाडकं उदाहरण. एक बाजू म्हणते, एवढे चाहते आहेत ना, मग त्यांनीच चालवावा. दुसरी म्हणते, कलेचा हिशेब मांडायचाच नसतो. पहिलीला वर्ग आणि कार्यक्रम यांतला फरक कळलेला नाही, आणि दुसरीने हिशेबाची वही मिटून विरोधकांचं काम सोपं करून ठेवलं आहे. व्होकल जॅझ हा वेळापत्रकातला, गुण मिळणारा वर्ग आहे आणि सत्राअखेरचा कार्यक्रम ही त्याची जाहीर परीक्षा. वर्ग चालवायला जे लागतं, म्हणजे शिक्षक, रिदम सेक्शन (पियानो, बास, ड्रम्सची साथ), माइक आणि साउंड सांभाळणारा माणूस, त्याचा खर्च विद्यापीठाच्या नेहमीच्या बजेटातूनच व्हायला हवा. त्यावरचं जे असेल ते पाठीराख्यांनी खुशाल द्यावं. फक्त देताना काय गायचं ते सांगू नये.

वाद घालणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर चर्चमधला साठ-सत्तर जणांचा कॉयर असतो, तिथेच गाडं अडतं. व्होकल जॅझ ग्रुपमध्ये साधारण १२ ते १६ गायक, कधी आठच. प्रत्येकाच्या हातात स्वतःचा माइक. मागे पियानो, डबल बास, ड्रम्स, बऱ्याचदा गिटारही. स्वरांची मांडणी दाट: आपल्या भाषेत सांगायचं तर सा, ग, प आणि शुद्ध नी एकाच वेळी, वर रेसुद्धा. नी आणि वरचा सा यांत अंतर अर्ध्या स्वराचं. एक मुलगी नी धरून उभी आहे आणि तिच्या खांद्याला खांदा लावून दुसरी सा. त्यांतल्या एकीने जरी ऑपेरासारखा आवाज हलवला, तरी तो हेलकावाच अर्ध्या स्वराच्या आसपास जातो, दोन स्वर एकमेकांत घुसतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं की सूर गेला. म्हणून इथे सरळ, न हलणारा आवाज लागतो. तोही हलका, जवळजवळ बोलल्यासारखा. आणि आवाज हलका ठेवायचा तर माइक ओठांपासून दोन-तीन बोटांवरच हवा.

खर्च वाचवायला कोणीतरी हमखास सुचवतं की प्रत्येकी माइक कशाला, वरून दोन टांगा. टांगून पाहिलेत तर असं होतं: त्या माइकांत गायकांच्या आधी ड्रम्स शिरतात. स्वतःचा आवाज ऐकू येईना म्हणून मुलं जोर लावतात, जोर लावला की आवाज हलायला लागतो, सूर वर सरकतो, आणि सत्रभराची मेहनत पहिल्याच गाण्यात वाया जाते. बरं, बारा माइक दिले म्हणूनही भागत नाही. चालू माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी वाजण्याआधी मिळणारी आवाजाची वाढ ३ डेसिबलने घटते; एकाचे बारा झाले की जवळपास ११ डेसिबल गेले. त्यात एखाद्याने टीव्हीवर पाहून माइकची जाळी मुठीत झाकली की माइक मागचा-पुढचा आवाज वेगळा ओळखेनासा होतो आणि मॉनिटर (गायकांसमोरचा स्पीकर) लगेच किंचाळतो. मिक्सरवर बसलेल्या माणसाला गाणी पाठ असावी लागतात: कुठल्या ओळीला कोणाचा सोलो, कुठे खालचे आवाज मागे घ्यायचे, संथ बॅलडमध्ये कोणाचा माइक पूर्ण बंद. तो त्या संध्याकाळपुरता भाड्याने आणलेला असेल तर प्रत्येक सोलोच्या पहिल्या दोन ओळी हवेत विरतात, कारण तो त्या माइकचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) शोधत असतो. बासवादकाचंही तसंच. दाट स्वरांत जागा व्हावी म्हणून अरेंजर (गाण्याची स्वरमांडणी लिहिणारा) बऱ्याचदा मूळ स्वर गायकांना देतच नाही, तो डबल बासवर सोडतो. बासवादकाचे पैसे वाचवले तर साथ कमी होते असं नाही, स्वरांचा गुच्छच अर्धवट राहतो.

आता वेळ. १५ आठवड्यांचं सत्र, आठवड्याला चार तास धरले तर ६० तास. कार्यक्रमात दहा गाणी, म्हणजे एका गाण्याला सहा तास, आणि त्यातच ब्लूजच्या १२ बारांच्या (मात्रागटांच्या) आवर्तनावर प्रत्येकाला स्कॅट, म्हणजे निरर्थक अक्षरांवर उत्स्फूर्त गायन, करायला लावायचं, स्विंगचा, म्हणजे जॅझच्या लांब-आखूड चालीचा, झोल संथ लयीत किती आणि जलद लयीत किती ते अंगात मुरवायचं. सलग दोन-तीन वर्षं तोच शिक्षक आणि तीच तालमीची खोली मिळाली तर ग्रुप उभा राहतो. देणगीच्या भरवशावर दरवर्षी नवा कंत्राटी शिक्षक आणला तर दरवर्षी पहिल्या पानापासून सुरुवात. या गोष्टी विभागातल्या लोकांना तोंडपाठ आहेत. मग कुलगुरूंसमोर बोलताना ते माइक आणि तास सोडून ‘आत्म्याची गरज’ वगैरे का सांगत बसतात?

विरोधकांचा सगळ्यात खोल मुद्दा पैशाचा नाहीच. ते म्हणतात, जॅझ कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत, नाचघरांत आणि क्लबांत वाढलं. विद्यापीठांनी त्याच्याकडे कित्येक दशकं नाक मुरडून पाहिलं. १९४७ मध्ये टेक्ससमधल्या आजच्या नॉर्थ टेक्सस विद्यापीठाने या विषयात पदवी सुरू केली तेव्हाही तिच्यावर नाव ‘डान्स बँड’ असं होतं. आज त्याच विद्यापीठांनी वर्गात बसवून, कागदावर लिहून काढलेलं जॅझ शिकवायचं, बहुतांश गोऱ्या मध्यमवर्गीय मुलांकडून गाऊन घ्यायचं आणि वर त्याला परंपरा म्हणायचं? यातला बराच भाग खरा आहे. व्होकल जॅझची शाळकरी शैली १९६० च्या दशकाअखेरीस वाढली ती ऑरेगन-वॉशिंग्टनकडच्या कम्युनिटी कॉलेजांत आणि शाळांत, न्यू यॉर्कमधल्या कृष्णवर्णीयांच्या हार्लेममध्ये नव्हे. अनेक ग्रुपांच्या कार्यक्रमात उत्स्फूर्त गायन म्हणजे दोन जणांना मिळालेले सोळा-सोळा बार, तेही घरून पाठ करून आणलेले. जो शिक्षक हे लपवतो त्याचा वर्ग वाचवण्यात मलाही रस नाही.

पण यावरून ‘कॅम्पसवर जॅझ होत नाही’ हा निष्कर्ष कसा निघतो? जॅझ गाणाऱ्या नामवंत चमूंचंच पाहा: फोर फ्रेशमेन १९४८ मध्ये इंडियानापोलिसच्या बटलर विद्यापीठात जमले. टेक सिक्सची सुरुवात १९८० मध्ये अलाबामातल्या ओकवुड या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात झाली. न्यू यॉर्क व्हॉइसेस इथाका कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांतून उभे राहिले. पाच आवाजांचं दाट गाणं एकट्याने घरी शिकता येत नाही. त्याला रोज भेटणारे चार जोडीदार लागतात, आणि बिग बँडबरोबर (मोठ्या जॅझ वाद्यवृंदाबरोबर) गायकांचा चमू पगारावर ठेवायचे दिवस केव्हाच सरले. याहून बोलका दाखला १९५७ चा आहे. डेव्ह लँबर्ट आणि जॉन हेंड्रिक्स यांनी जॅझ बँडप्रमुख काउंट बेसीच्या वादनावर शब्द बसवून ‘सिंग अ साँग ऑफ बेसी’ हा अल्बम करायला घेतला, तेव्हा आधी डझनभर कसलेले स्टुडिओ गायक बोलावले होते. स्वर वाचण्यात कोणी कमी नव्हतं, पण त्यांना स्विंग करता येईना. शेवटी लँबर्ट, हेंड्रिक्स आणि अ‍ॅनी रॉस या तिघांनीच रेकॉर्डिंगवर थरावर थर चढवून सगळे आवाज स्वतः गायले. न्यू यॉर्कमध्ये, क्लब जोरात असताना, ही अवस्था होती. स्विंग नुसता शहराच्या हवेतून अंगात येत असता तर त्या डझनभर जणांना परत पाठवावं लागलं नसतं.

आपल्याकडचा पुरावाही याच बाजूचा आहे. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ आणि नंतर हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद गाजवणारे चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड यांच्या पिढीचे गोवेकर वादक ज्या परंपरेतून आले, ती गोव्यातल्या चर्चच्या शाळांत स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवणारी परंपरा होती. शाळेने त्यांचं जॅझ मारलं असं कोणी म्हटलेलं ऐकिवात नाही.

पैशाचा मुद्दा मात्र गंभीर आहे आणि त्याची खिल्ली उडवू नये. नर्सिंग शिकणारी मुलगी कर्ज काढून फी भरते; तिच्या फीतून बारा जणांच्या गाण्याचा खर्च का व्हावा? यावर नेहमीचं उत्तर फुटबॉलचं असतं: बहुतेक विद्यापीठांचे क्रीडा विभाग तरी कुठे स्वतःच्या कमाईवर चालतात, त्यासाठीही विद्यार्थ्यांकडून फी घेतलीच जाते. हे खरं असलं तरी उत्तर म्हणून लंगडं आहे. दुसऱ्याची उधळपट्टी दाखवून आपला खर्च रास्त ठरत नाही. खरं उत्तर असं की संगीत शिक्षक व्हायला निघालेल्या मुलांसाठी हा वर्ग प्रयोगशाळा आहे. पुढे शाळेत जाऊन त्यांना माइक, रिदम सेक्शन आणि आधुनिक स्वररचना हाताळायची असते, आणि मोठ्या कॉयरमध्ये चौथ्या रांगेत उभं राहून ते येत नाही. नर्सिंगच्या वर्गातही एका शिक्षकामागे रुग्णालयात मोजकेच विद्यार्थी असतात. तिथे कोणी म्हणत नाही की बऱ्या झालेल्या रुग्णांच्या वर्गणीतून प्रात्यक्षिकं चालवा. पदवी द्यायची असेल तर त्या पदवीला लागणारा वर्ग ठेवावा लागतो. तो परवडत नसेल तर पदवीच बंद करावी, आणि तसं उघड सांगावं. मला तेही जास्त प्रामाणिक वाटेल.

‘पाठीराख्यांनी चालवावा’ म्हणणाऱ्यांनी एकदा कागद-पेन्सिल घ्यावी. अमेरिकेत देणगीचा कायम निधी ठेवला की त्यातून दरवर्षी साधारण चार ते पाच टक्केच खर्चायचे असतात, म्हणजे मुद्दल शाबूत राहतं. समजा शिक्षकाचा पगार आणि भत्ते मिळून वर्षाला ८०,००० डॉलर. चार टक्क्यांनी त्यासाठी २० लाख डॉलरांचा निधी लागेल. पाठीराख्यांचं मंडळ हाडाची काडं करून एक लाख जमवतं, त्याचे वर्षाला चार हजार येतात. तिकिटांचं पाहा: ३०० खुर्च्या, १० डॉलर तिकीट, वर्षाला दोन कार्यक्रम, दोन्ही भरगच्च, तरी सहा हजार. नुसत्या तिकिटांत शिक्षकाचा महिनाही निघत नाही. जेवणाचे कार्यक्रम ठेवून पैसे उभे करू म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की १०० डॉलरच्या पासात ४० डॉलरचं ताट असेल तर देणगी म्हणून करात वजा होतात ते ६० च. ७५ डॉलरच्या वर रक्कम घेतली की संस्थेला तसं लेखी द्यावंही लागतं. ताटाचे पैसे केटररकडे जातात, ग्रुपकडे नाही.

वृंदाने स्वतःच्या आणि संस्थेच्या पोटापाण्याची सोय करावी, हा प्रयोग इतिहासात झालेला आहे. नॅशव्हिलचं फिस्क विद्यापीठ कर्जात बुडालं होतं तेव्हा ६ ऑक्टोबर १८७१ रोजी खजिनदार जॉर्ज व्हाइट नऊ विद्यार्थी घेऊन दौऱ्यावर निघाले. तेच फिस्क ज्युबिली सिंगर्स. हे बहुतेक गुलामगिरीत जन्मलेले तरुण होते. त्यांनी स्पिरिच्युअल्स, म्हणजे गुलामगिरीतल्या कृष्णवर्णीयांची भक्तिगीतं, जगासमोर नेली, १८७३ मध्ये व्हिक्टोरिया राणीपुढे गायले, आणि त्यांच्या कमाईतून ज्युबिली हॉल ही इमारत उभी राहिली. पाठीराख्यांच्या बळावर काय होऊ शकतं याचं याहून भव्य उदाहरण नाही. पण याच गोष्टीची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. वर्षानुवर्षांच्या दौऱ्यांनी गायकांच्या तब्येती ढासळल्या आणि अनेकांचं शिक्षण अर्धवट राहिलं. विद्यापीठ वाचलं, विद्यार्थीपण गेलं. १८७१ मध्ये नुकत्या स्वतंत्र झालेल्या समाजाला दुसरा मार्ग नव्हता. ज्यांच्याकडे कोट्यवधींचे निधी आहेत त्या संस्थांनी आज तोच मार्ग सुचवणं हा निव्वळ कोडगेपणा आहे.

मराठी वाचकाला इथे विष्णु दिगंबर पलुसकर आठवल्याशिवाय राहणार नाहीत. राजाश्रय सोडून त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते लोकांच्या वर्गणीवर आणि तिकीट लावून केलेल्या जलशांवर. ‘वर्गात बसवून गाणं येत नाही’ हा आजचा जॅझवाल्यांचा आक्षेप तेव्हा उस्तादांनी घेतला होता, शब्दही जवळपास तेच. त्याला उत्तर विनायकबुवा पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर यांनी गाऊन आणि शिकवून दिलं. तो अर्धा वाद पलुसकर जिंकले. दुसऱ्या अर्ध्यात लोकाश्रयाने दगा दिला: मुंबईच्या विद्यालयाची इमारत कर्जापायी लिलावात गेली. एका माणसाच्या तळमळीवर आणि जलशांच्या उत्पन्नावर संस्था उभी राहते, पण हप्ते दर महिन्याला येतात आणि जलसे नाही.

मग पाठीराख्यांनी करायचं काय? भरपूर. वर्गाला आवश्यक नसलेल्या पण वर्ग समृद्ध करणाऱ्या गोष्टी त्यांच्याच आहेत: बाहेरचा कलाकार तीन दिवस बोलावणं, उत्सवाला जायचा बसखर्च, गरजू गायकाची शिष्यवृत्ती, एखाद्या माजी विद्यार्थ्याकडून नवी अरेंजमेंट लिहून घेणं. शेवटची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते, कारण विकत मिळणाऱ्या छापील अरेंजमेंट सरासरी ग्रुपसाठी लिहिलेल्या असतात आणि तुमच्याकडे यंदा उत्तम खालचा आवाज असेल तर तो त्यात वाया जातो. नवी अरेंजमेंट करवताना मूळ गाण्याच्या प्रकाशकाची परवानगी आधी घ्यावी. गाणं बसवून झाल्यावर परवानगी नाकारली गेली तर हातात काहीच उरत नाही. रेकॉर्डिंग काढायचं असेल तर त्याचाही हिशेब सोपा आहे: पाच मिनिटांपर्यंतच्या दुसऱ्याच्या गाण्याला प्रत्येक प्रतीमागे २०२३ मध्ये १२ सेंट असा वैधानिक दर होता, पुढे तो महागाईनुसार थोडा वाढत गेला. दहा गाण्यांच्या ३०० प्रती म्हणजे चारशे डॉलरच्या आसपास. व्हिडिओची परवानगी मात्र वेगळी असते, ती यात येत नाही. देणगीचा करार लेखी असावा आणि ग्रुप उद्या बंद झाला तर निधी कुठे वळवायचा हे त्यात आधीच लिहिलेलं असावं.

काय गायचं, हा कलम त्या करारात कधीही नसावा. दडपण उघड नसतं. मोठा देणगीदार प्रेमाने म्हणतो, मागच्या वेळची ती जुनी गाणी काय छान झाली! पुढच्या वर्षी तीन जुनी, त्याच्या पुढच्या वर्षी सहा. मग चमकदार जाकिटं येतात, पावलं बसवली जातात, हातात माइक धरून नाचता येत नाही म्हणून डोक्यावरचे माइक येतात, ते तोंडापासूनचं अंतर बदलू देत नाहीत म्हणून आवाजाची चढउतार जाते, आणि चार वर्षांत व्होकल जॅझचा शो-कॉयर झालेला असतो. शो-कॉयर हा वाईट प्रकार आहे असं नाही; पण त्यासाठी वेगळा वर्ग असतो. ओळखीचं गाणं गर्दी खेचतं हे मान्य. म्हणूनच परीक्षेची प्रश्नपत्रिका गर्दीच्या हाती देता येत नाही.

राहिला प्रेक्षकांत नातेवाईकच असतात हा टोमणा. असतात. अमेरिकेत वाढलेली कितीतरी मराठी घरांतली मुलं अशा ग्रुपांतून गातात आणि आईबाबा तीन तास गाडी चालवून येतात; नी आणि सा अंगाला अंग लावून ऐकायची कानाला सवय नसते, तरी येतात. पण नातेवाइकांच्या टाळ्या गुणवत्तेचा पुरावा नसल्या तरी निर्गुणतेचाही नसतात. खुर्च्यांत फक्त तेच राहू नयेत याची तजवीज विभागाने करायची असते, आणि तिथे ‘कार्यक्रम फुकटच ठेवा’ हा भाबडा आग्रह आड येतो. त्यामागे कायद्याचं एक अर्धवट ज्ञान असतं: कोणालाही मानधन न देता केलेल्या ना-नफा कार्यक्रमाला संगीताची परवाना फी लागत नाही. ही सवलत आहे, पण तिच्यासाठी कार्यक्रम फुकटच हवा असं कायदा म्हणत नाही. निव्वळ उत्पन्न शिक्षणाकडे वळत असेल तर, हक्कधारकाने आधी लेखी हरकत घेतली नसल्यास, तिकीट लावता येतं. उलट पाहुण्या गायकाला मानधन दिलं की फुकट कार्यक्रमालाही ती सवलत राहत नाही. शिवाय बहुतेक विद्यापीठांकडे अस्कॅप, बीएमआय या गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थांचे ठोक परवाने असतातच. तेव्हा विद्यार्थ्यांना फुकट, बाकीच्यांना १० डॉलर, आणि गावातल्या शाळांच्या संगीत शिक्षकांना दोन-दोन पास घरपोच. पुढच्या वर्षी या वर्गात कोण गाणार हे त्याच शाळांत ठरत असतं.